पहिल्या तासाला मोबाइल नको

सर, मुलांना खोट्या बातम्या आणि मेसेज ओळखायला शिकवायचं ठरवलंय आणि आठवी-नववीपासून सुरुवात करताय, उत्तम! फक्त फोटो उलटा शोधणं (फोटो टाकून तो आधी कुठे आलाय ते नेटवर पाहणं) वगैरे दिवाळीनंतर. आधी फॉरवर्ड करण्यापूर्वी थांबायची सवय लावा आणि तीनच प्रश्न फळ्यावर लिहा:

- मूळ कोणी सांगितलं?
- पुरावा काय?
- आणखी कुठे आलंय?

पहिलं उदाहरण सौम्य हवं. ‘युनेस्कोने जन गण मन सर्वोत्कृष्ट राष्ट्रगीत ठरवलं’ हा मेसेज घराघरांत फिरलाय. युनेस्कोने २००८ मध्येच तो नाकारला होता. मी मात्र थेट निवडणुकीच्या क्लिपपासून सुरुवात केली. वर्गात दोन तट पडले, दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत हजर!

महिनाभराने राईनपाड्याबद्दल बोला. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या या गावात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षेसाठी फिरणाऱ्या भटक्या समाजातल्या पाच जणांचा जीव घेतला. व्हिडिओ दाखवू नका, नुसतं सांगा. वर्ग आपोआप शांत होतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे फक्त खोट्या बातम्या तपासायला देणं. मग पोरं ‘सगळंच फेक’ म्हणू लागतात. निम्म्या खऱ्या द्या.

आणि हो, फॅमिली ग्रुपवर आजोबांना चारचौघांत खोटं पाडायचं नाही, हे पहिल्याच दिवशी बजावा.