सलाईन वाढव, म्हणजे किती?

"ताई, मी जीएनएम हा नर्सिंगचा डिप्लोमा करून आठ महिने एका खासगी हॉस्पिटलात सर्जिकल वॉर्डला आहे. परवा नाइटला दोन वाजता सरांना फोन केला. म्हटलं, बेड सहाचा पेशंट कासावीस झालाय, बरा वाटत नाही, बीपी पण कमी आहे. सर ओरडले, 'एवढ्यासाठी उठवतेस? सलाईन वाढव,' आणि फोन ठेवला. सकाळी राउंडला सगळ्यांसमोर म्हणाले, 'बीपी 86 होतं, ते नीट सांगता येत नाही?' आता फोन हातात घेतला की हात थरथरतो. नोकरी सोडू का?"

एवढ्यावरून सोडू नकोस. सरांचं ओरडणं आणि तुझं फोनवरचं बोलणं हे दोन वेगळे प्रश्न आहेत, पण तू ते एकत्र बांधून स्वतःच्या डोक्यावर घेतलेस. बोलण्याचं आधी बघू, कारण ते आज रात्रीपासून सुधारता येईल.

तुझ्याकडे आकडा होता, पण तो वाक्याच्या शेपटाला गेला, आणि तोही 'कमी' होऊन. यात तुझा एकटीचा दोष नाही. आजाराचं निदान डॉक्टरांनीच करायचं असं शिकवलेलं असतं, म्हणून सिस्टर आडून बोलतात: "बरा वाटत नाही." झोपेतून उठलेला माणूस पहिलं वाक्य ऐकूनच ठरवतो की हे महत्त्वाचं आहे की नाही. म्हणून फोनआधी पेशंटजवळ जाऊन बीपी, पल्स, सॅच्युरेशन स्वतः पुन्हा घे. केसपेपर, इनटेक-आउटपुट चार्ट आणि पेन हातात ठेव. मग असं बोल:

"सर, सर्जिकल वॉर्डमधून सिस्टर बोलतेय. बेड सहा, बीपी 86/50, पल्स 124. काल आतड्याचं ऑपरेशन झालंय. दहा वाजता बीपी 110 होतं. गेल्या तीन तासांत लघवी फक्त 40 मिली. मला पेशंट खालावतोय असं वाटतं. तुम्ही येताय, की आरएमओ सरांना बोलावू?"

आरएमओ म्हणजे हॉस्पिटलातच ड्युटीवर असणारे डॉक्टर. एवढं बोलायला वीस सेकंदही लागत नाहीत. साठ किलोच्या माणसाला तासाला साधारण 30 मिली, म्हणजे तीन तासांत 90 मिली लघवी व्हायला हवी. 40 ऐकल्यावर सर्जन कूस बदलून झोपणार नाही. आधी स्थिती, मग पार्श्वभूमी, मग तुझा अंदाज, मग मागणी, या क्रमाला एसबार म्हणतात, आणि तो अमेरिकी नौदलाच्या अणुपाणबुड्यांवरून दवाखान्यांत आला. नाव विसरलीस तरी चालेल. आकडा आधी आणि प्रश्न शेवटी, एवढं मात्र पाळ. शेवटी प्रश्न नसेल तर समोरचा "बरं, लक्ष ठेव" म्हणून मोकळा होतो.

तुझ्या पत्रातली खरी धोक्याची जागा मला ओरडण्यापेक्षा "सलाईन वाढव" ही वाटते. कोणतं? 500 ची बाटली अर्ध्या तासात, की चार तासांत? हृदय कमजोर असलेल्या पेशंटच्या फुप्फुसात त्याच सलाईनचं पाणी भरू शकतं. तेव्हा फोन ठेवण्याआधी "सर, नॉर्मल सलाईन 500 अर्ध्या तासात, बरोबर?" एवढं विचारायचंच. "लक्ष ठेव" म्हणाले तर "किती वाजता पुन्हा मोजू, आणि कितीच्या खाली गेलं तर फोन करू?"

ऑर्डर ऐकता ऐकता लिही आणि वाचून दाखव. मराठीत पंधरा आणि पन्नास यांत कुणाचा गोंधळ होत नाही. पण डॉक्टर आकडा इंग्रजीत सांगतात, आणि खरखरत्या लाइनवर फिफ्टीन आणि फिफ्टी सारखेच ऐकू येतात. म्हणून परत म्हण, "पंधरा, एक-पाच." इन्सुलिनला 'युनिट' पूर्ण लिही, नुसता यू घाईत शून्यासारखा दिसतो आणि दहाचे शंभर होतात. पोटॅशियम क्लोराइड असेल तर किती सलाईनमध्ये मिसळून किती तासांत हेही वाचून दाखव. ते सरळ शिरेत ढकललं तर हृदय बंद पडतं. फोनची वेळ, तू काय सांगितलंस, काय ऑर्डर मिळाली हे केसपेपरवर घाल आणि सकाळी राउंडला सही घे.

फोन उचलला नाही तर पाच मिनिटांनी पुन्हा, मग आरएमओ, मग नाइट सुपरवायझर. पेशंट डोळ्यांदेखत ढासळत असेल तर ही पाच मिनिटंही थांबू नकोस, थेट आरएमओ. "2.10 ला फोन, उचलला नाही" अशी नोंद कर. "सर रागावले" हे मात्र केसपेपरवर लिहायचं नाही. ते इन्सिडंट रिपोर्टमध्ये, शब्द जसेच्या तसे.

आता सरांचं. सगळ्यांसमोर उत्तर देऊ नकोस, पण गिळूनही बसू नकोस. इन्चार्ज सिस्टरांना बरोबर घेऊन ओपीडी संपल्यावर भेट आणि एकच विचार: "सर, रात्री कोणत्या आकड्याला फोन करू आणि कोणत्याला नको, ते पेशंटगणिक लिहून द्याल का?" 'फोन नको' असं सहसा कुणी लिहून देत नाही. आकडे मात्र मिळतात, आणि फोनही कमी होतात. एक वेगळी गोष्ट: बोलणं कधी अश्लील किंवा लैंगिक झालं तर हा मार्ग नाही. दहा किंवा अधिक माणसं कामाला असलेल्या ठिकाणी 2013 च्या कायद्याने अंतर्गत समिती लागते. तक्रार लेखी तिथे द्यायची.

आज आधीच्या शिफ्टकडून ओव्हर, म्हणजे पेशंटांची माहिती, घेताना जे दोन-तीन पेशंट डळमळीत वाटतील, त्यांच्यासाठी सर घरी जायच्या आत हे आकडे मागून घे.