हलका सेल्फ घ्याच, पण बॅटरीची जागा आधी ठरवा

प्रश्न : दोन माणसांचं लाकूड-फायबरचं विमान मी घरीच बांधतोय. इंजिन माझदाचं १३बी रोटरी आहे, म्हणजे पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणारं. त्याचा जुना, मधे गियर नसलेला थेट पद्धतीचा सेल्फ जड वाटतो, म्हणून गियर रिडक्शनचा छोटा सेल्फ बघून ठेवलाय. बॅटरी सीटच्या मागे आहे. एवढ्याशा मोटारीनं इंजिन फिरेल का?
– एक वाचक, पलूस

उत्तर : फिरेल. छोट्या सेल्फात मोटार जोरात पळते आणि आतले गियर वेग कमी करून पिनियनचा, म्हणजे सेल्फच्या टोकावरच्या छोट्या दातेरी चाकाचा, जोर वाढवतात. घेण्याआधी पिनियनचे दात तुमच्या इंजिनाच्या रिंग गियरला (सेल्फ फिरवतो त्या मोठ्या दातेरी कड्याला) बसतात का आणि फिरण्याची दिशा तीच आहे का, एवढं पाहा.

मात्र रोटरीला जोराइतकाच वेगही लागतो. सावकाश फिरवलं की रोटरच्या टोकांवरच्या सीलमधून दाब निसटतो. या इंजिनाचं कॉम्प्रेशनही मिनिटाला २५० फेऱ्यांवर मोजतात. सेल्फ रेंगाळला की पेट्रोल आत साचतं, प्लग भिजतात आणि मग बॅटरी उतरेपर्यंत चावी फिरवत बसावं लागतं.

म्हणून मला काळजी वाटते ती बॅटरीची. बॉडी लाकूड-फायबरची, तिच्यातून करंट परतत नाही, म्हणजे अर्थिंगची केबलही पार मागेपर्यंत न्यावी लागणार. जाऊन-येऊन ६ मीटर धरू. २५ चौरस मिलिमीटरच्या केबलमध्ये १५० अँपियरला साधारण ०.६ व्होल्ट पडतात, आणि नुसतं तांबंच १.३ किलोच्या वर भरतं. वजनासाठी १६ची घेतलीत तर एक व्होल्ट वाटेतच जाईल. सेल्फमध्ये वाचवलेलं वजन केबलमध्ये कशाला घालवायचं? तोल साधत असेल तर बॅटरी पुढे फायरवॉलवर (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीवर) आणा, आणि हलवल्यावर विमानाचा गुरुत्वमध्य नव्यानं काढा. साधत नसेल तर मागेच राहू द्या, पण केबल जाडच वापरा. इथं काटकसर नको.

जोडण्याही नीट करा. सांगलीत माझ्या दुकानात तासगावकडचे फवारणीचे ट्रॅक्टर येतात. मालक सांगतो, सेल्फ गेला. खोलून बघावं तर आर्मेचर चांगलं, कार्बन चांगले. केबलच्या टोकाची बोल्टवर बसणारी कडी, म्हणजे लग, कापला की आत तांबं हिरवं पडलेलं. लग हातोडीनं ठोकू नका, क्रिंपिंगच्या पकडीनं दाबा आणि वर स्लीव्ह चढवा.

तपासताना विमानाचा पंखा (प्रोपेलर) उतरवा, इग्निशन तोडा. मीटरची एक पिन सेल्फच्या जाड बोल्टवर, दुसरी त्याच्या बॉडीवर धरून सेल्फ मारा. १० व्होल्टच्या आसपास दिसायला हवेत. त्याहून बरेच कमी दिसले तर सेल्फला दोष देण्याआधी बॅटरीच्या टर्मिनलवर मोजा. तिथं व्होल्ट चांगले असतील तर केबल आणि लग बघा.

आणखी एक, हे मी प्रत्येकाला आग्रहानं सांगतो. सोलेनॉइडच्या, म्हणजे सेल्फला करंट जोडणाऱ्या स्विचच्या, मोटारीकडच्या बोल्टवरून फ्यूज घालून एक लाल दिवा डॅशबोर्डवर आणा. सोलेनॉइडचा कॉन्टॅक्ट चिकटला तर इंजिन चालू झाल्यावरही सेल्फ करंट खात राहतो, आणि इंजिनाच्या आवाजात ते कानाला कळत नाही. चावी सोडल्यावरही दिवा जळत राहिला तर इंजिन लगेच बंद करा, बॅटरीचा मेन स्विच तोडा आणि ते विमान उडवू नका.