.308 ची केस डायमध्ये अडकू नये म्हणून काय करायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की 9 एमएमचं रिलोडिंग (झाडलेली काडतुसं परत भरणं) इथे टेक्सासमध्ये व्यवस्थित जमत होतं, आता .308 या रायफलच्या काडतुसाला हात घातला, रेंजवरची पितळं (म्हणजे रिकाम्या केसेस), नवी कोरी फुल लेंग्थ डाय (केस दाबून परत मापात आणणारा साचा), भोकांच्या ब्लॉकमध्ये केसेस उभ्या करून वरून स्प्रे ल्यूब (वंगण) मारलं आणि सुरुवातीलाच एक केस आत अशी बसली की प्रेसचं हँडल वर घेताना रिम (बुडाची कड) फाटली, केस डायमध्येच राहिली. स्प्रे बदलू का, असं विचारताय.

स्प्रे नंतर बदला, आधी तो लागतोय कुठे ते बघा. पिस्तुलाच्या सरळ केसला कार्बाइड डाय असेल तर ल्यूब लागतच नाही, त्यामुळे तिकडून आलेल्या माणसाला ही सवयच नसते. रायफलच्या बाटलीसारख्या केसचं अख्खं अंग एकाच वेळी दाबलं जातं आणि अडकते ती खाली, बुडाजवळ, कारण तिथलं पितळ सगळ्यात जाड. आता तुमचा ब्लॉक डोळ्यासमोर आणा. केसचं बूड भोकात बसलेलं, स्प्रे वरून येतोय, म्हणजे नेक (वरची मान) आणि शोल्डर (तिच्याखालचा उतार) चिंब आणि जिथे खरी गरज तिथे कोरडं! वर शोल्डरवर जास्त झालेलं ल्यूब आत कोंडतं आणि तिथे पोचे पडतात ते वेगळंच. मोदकाच्या साच्याला तूप लावतो तसं आहे हे, कोपऱ्यात साचलं की कळ्या नीट उठत नाहीत.

म्हणून थोड्याच केसेस असतील तर मी सरळ बोटाने इम्पिरियल सायझिंग डाय वॅक्स लावतो. चिमूटभरही नको, बोटाला जेमतेम चिकट लागलं पाहिजे, आणि केस अंगठा-तर्जनीत फिरवत बुडाकडून वर अर्ध्यापर्यंत न्यायची, शोल्डरला मुद्दाम काही लावायचं नाही, बोटाचं लागेल तेवढं पुरे. ढीगभर असतील तर लॅनोलिन आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, साधारण 1 भाग लॅनोलिनला 12 भाग अल्कोहोल, अल्कोहोल 99% चं घ्या, औषधाच्या दुकानातल्या 70% वाल्यात पाणी फार. केसेस मोठ्या झिपलॉक पिशवीत टाका, चार-पाच फवारे, पिशवी घोळवा, परत दोन फवारे, परत घोळवा, मग ट्रेमध्ये पसरून दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या. हे सुकवणं लोक गाळतात. ल्यूबचं काम लॅनोलिन करतं, अल्कोहोल फक्त ते पसरवायला, ते उडून गेल्याशिवाय प्रेसला बसायचं नाही. आणि हो, गॅरेजचं दार उघडं ठेवा, वॉटर हीटरची ज्योत जवळ नको. डब्ल्यूडी-40 किंवा इंजिन ऑइल कोणी सुचवलं तर हसून सोडून द्या.

नवी डाय असेल तर कंपनीने गंजू नये म्हणून लावलेलं तेल आधी पुसून काढा, आणि पहिल्या दोन-तीन केसेसना नेहमीपेक्षा किंचित जास्त ल्यूब, कारण डाय आतून अजून कोरडी असते. पितळ धुतलेलं हवं, रेंजवरची वाळू एकदा डायमध्ये चरे पाडून गेली की पुढची प्रत्येक केस कुरकुरते. रेंजचं .308 कधी कधी मशीनगनमधून आलेलं असतं, बुडाला फुगलेलं, ते जड जाणारच. लॉट चाळून ठेवा, हेडस्टॅम्प (बुडावरचा छाप) बघा, आत टॉर्च मारून तळाला एकच भोक आहे ना ते बघा. दोन भोकं दिसली तर ती बर्डन पद्धतीची केस, जुना प्रायमर (बुडातली पेटवणारी टोपी) ढकलून काढणारी डीकॅपिंग पिन मोडेल, बाजूला टाका.

खरी गोष्ट हाताला कळते. चांगली ल्यूब केलेली केस एकसारखा दाब घेत वर जाते. मध्येच दाब अचानक वाढला तर तिथेच थांबा, जोर लावून पुढे ढकलू नका. केस बाहेर घ्या, पुसा, पुन्हा ल्यूब करा, मग परत. अर्ध्यात असताना बहुतेक वेळा ती निघते, पूर्ण आत गेल्यावर नाही. बाहेर येताना चीं असा आवाज आला तर तो एक्सपांडर बॉलचा (नेक आतून मापाला रुंदावणारी गोळी), नेकच्या आत कोरडं आहे. ब्रशने नेकमध्ये थोडं मायका (अभ्रकाची पूड) किंवा ल्यूब फिरवा, नाहीतर बॉल ओढताना शोल्डरही पुढे खेचला जातो.

आता जी अडकलीय ती. हँडलला पाइप लावून ताकद काढू नका. डीकॅपिंग रॉड (ती पिन धरणारी दांडी) वर फिरवून जाईल तितका वर घ्या, म्हणजे ड्रिलच्या वाटेत येणार नाही, मग प्रायमर पॉकेटमधून (प्रायमरच्या खळग्यातून) भोक पाडा, 1/4-20 चा टॅप मारून त्यात आटे पाडा आणि बोल्टने ओढून काढा. स्टक केस रिमूव्हरचं किट मिळतं त्यात हेच सगळं असतं, फार महागही नाही. मग डायची आतली भिंत टॉर्चने नीट बघा, पितळ चिकटलेलं असेल तर ते पॉलिश करून काढल्याशिवाय पुढची केस घालू नका.

सायझिंग झाल्यावर ल्यूब पुसून किंवा कॉर्नकॉबमध्ये (मक्याच्या कणसाच्या भुग्यात) टम्बल करून, म्हणजे घोळवून, काढायचंच, प्रायमर बसवायच्या आधी. तेलकट केस रायफलच्या चेंबरला धरत नाही, सगळा धक्का रायफलच्या बोल्टवर (चेंबर मागून बंद करणाऱ्या खिट्टीवर) येतो. आणि पुण्याहून जे वाचताय त्यांच्यासाठी, हे सगळं इथल्या, टेक्सासच्या कायद्यात बसतं म्हणून करतोय, भारतात शस्त्र कायदा 1959 खाली लायसन्स नसताना घरी काडतुसं भरणं गुन्हा आहे, उगाच प्रेस मागवत बसू नका.