डब्यावरची तारीख पुढची आहे, तरी केक बसतो?

प्रश्न : ताई, गणपतीत मुलांसाठी बिनअंड्याचा केक केला, नेहमीचंच माप, नेहमीचाच कुकर, तरी वर सपाट आणि आत चिकट. बेकिंग पावडरची तारीख अजून सहा-सात महिने पुढची आहे आणि व्हिनेगरमध्ये टाकली तर फसफसली पण. मग पावडर चांगलीच म्हणायची ना? – एक वाचक, चिपळूण

उत्तर : नाही हो, इथेच फसायला होतं. ती तारीख बंद डब्यासाठी असते, झाकण उघडलं की हिशोब बदलतो. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल दोन्ही आधीपासून एकत्रच असतात, त्यांच्यात ओल शिरू नये म्हणून कॉर्नफ्लोर घातलेलं असतं, आणि तुमच्याकडच्या पावसाळ्यात झाकण सैल राहिलं किंवा ओला चमचा बुडवला की केकमध्ये व्हायची ती रिअ‍ॅक्शन हळूहळू डब्यातच होऊन जाते. गॅस उडून गेला, मागे नुसती पांढरी पावडर. व्हिनेगरचं म्हणाल तर आम्ल तुम्ही बाहेरून दिलंत, त्यामुळे उरलासुरला सोडा फसफसणारच, पण केकच्या पिठात तुम्ही व्हिनेगर घालता का?

बेकिंग पावडर तपासायची ती गरम पाण्यानेच. अर्धा कप कढत पाण्यात एक टीस्पून पावडर टाका, लगेच जोरात फेस वर आला पाहिजे, कान जवळ नेला तर फुस्स ऐकू येतं. चार बुडबुडे येऊन तळाशी गाळ बसला तर डबा सरळ कचऱ्यात. गार पाण्यात बघू नका, हल्लीची बहुतेक पावडर डबल अ‍ॅक्टिंग असते, म्हणजे बराचसा गॅस उष्णता लागल्यावरच सुटतो, मग चांगली पावडरही थंड पाण्यात मरगळलेली दिसते.

आणि जुनी झालीय म्हणून दुप्पट घालायचं हे तर अजिबात नको, केक फुगायची खात्री नाहीच, वर तोंडात कडवट चव. केक आजच हवा असेल तर एक टीस्पून पावडरऐवजी पाव टीस्पून खायचा सोडा आणि अर्धा कप आंबटसर दही घ्या, दूध तेवढं कमी करा, आणि पीठ भिजवल्यावर फोनवर बोलत बसू नका, लगेच भांडं आत. नवीन डबा फ्रीजमध्येही नको, आत-बाहेर करताना पाणी सुटतं. घट्ट झाकण, कोरडा चमचा, गॅसपासून लांबचं कपाट, बास. शक्यतो लहान डबाच घ्यावा असं माझं मत आहे, मोठा स्वस्त पडतो म्हणून घेतो आणि वर्षभर पुरवत बसतो.

प्रश्न : खायचा सोडा गरम पाण्यात टाकला, काहीच झालं नाही. टाकून देऊ का?

उत्तर : थांबा, टाकू नका! सोड्यात आम्ल नसतंच, त्यामुळे नुसत्या पाण्याने तो उसळणार नाही. पाव चमचा सोड्यावर लिंबू पिळा, उसळून आला की झालं. सोडा कोरडा राहिला तर खूप टिकतो, फक्त वास पटकन धरतो, हिंगाच्या शेजारी ठेवू नका. मात्र बिनलेबलच्या बरणीतला असेल आणि खायचा की धुण्याचा अशी शंका असेल तर ही टेस्ट कामाची नाही, कारण धुण्याचा सोडाही लिंबाने तसाच फसफसतो. अशी बरणी स्वयंपाकात वापरूच नका.

प्रश्न : फ्रूट सॉल्टचं अर्ध पाकीट उरलं होतं, ते वापरून ढोकळा केला तर दडदडीत झाला.

उत्तर : होणारच. त्यात सोडा आणि सायट्रिक आम्ल एकत्र असतात आणि थेंबभर ओल पुरते, फोडलेलं पाकीट दुमडून क्लिप लावली तरी पावसाळ्यात भरवसा नाही. चिमूटभर साध्या पाण्यात टाकून बघा, इथे पाणी गरम लागत नाही, ताजं असेल तर क्षणात उसळतं. पावडरचे खडे झाले असतील तर बघायचीही गरज नाही. आणि हो, ढोकळ्यावर लाल ठिपके पडले तर तो शिळेपणा नाही, सोडा नीट न मिसळल्यामुळे हळद तिथे लाल होते.

प्रश्न : पावासाठी आणलेलं यीस्ट जिवंत आहे का कसं कळेल?

उत्तर : पाव कप कोमट पाणी, एक टीस्पून साखर, एक टीस्पून ड्राय यीस्ट, दहा मिनिटं झाकून ठेवा. वर जाडसर फेस आणि यीस्टचा ओळखीचा वास आला तर मैदा घ्या मळायला, पाणी तसंच राहिलं तर मैदा वाया घालवू नका. पाणी बोटाला जेमतेम कोमट लागावं, साधारण 40 अंश. चटका बसेल इतकं गरम घेतलंत तर चांगलं यीस्टही मरतं आणि दोष बिचाऱ्या पाकिटाला. उरलेलं यीस्ट मात्र हवाबंद डब्यात घालून फ्रीजमध्येच ठेवा.