मुंबईचे 'सुप्रीम कोर्ट' आणि पूर्वनिर्णय

प्रश्न असा आला आहे : "१८२९ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने, असे एका लेखात वाचले. सर्वोच्च न्यायालय तर १९५० चे आणि दिल्लीचे. हा लेखकाचा घोटाळा आहे का? आणि त्या कोर्टाच्या निकालाला 'पूर्वनिर्णय' (पुढच्या खटल्यांत आधार म्हणून दाखवायचा जुना निकाल) म्हणावे का?"

घोटाळा नाही. त्याआधीचे इंग्रजी न्यायालय, म्हणजे रेकॉर्डरचे कोर्ट, मोडून १८२४ मध्ये मुंबईत खरोखरच सुप्रीम कोर्ट सुरू झाले. कलकत्त्याचे १७७४ चे, मद्रासचे १८०१ चे. नावात 'सुप्रीम' असले तरी त्याचा अंमल मुख्यतः मुंबई बेटापुरता. बाहेरच्या मुलखात कंपनीच्या अदालती, त्यांच्या शिरावर सदर अदालत. आणि तिच्या निकालावरचे अपील या सुप्रीम कोर्टात येतच नसे. दोघांवरचे अपील थेट लंडनला, प्रिव्ही कौन्सिलकडे, म्हणजे वसाहतींतली अपिले ऐकणाऱ्या राजाच्या मंडळाकडे.

ही हद्द कशी ठरली ते वाचण्यासारखे आहे. पुण्यातल्या मोरो रघुनाथ या मुलाला हजर करा, असा हुकूम सुप्रीम कोर्टाने काढला. गव्हर्नर माल्कम यांनी तो बजावू दिला नाही. तोवर दोन न्यायाधीश वारले होते. उरलेले एकटे ग्रँट. त्यांनी संतापून कोर्टच बंद ठेवले! अखेर १८२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने सरकारच्या बाजूने कौल दिला. म्हणजे 'सुप्रीम' कोर्टाची मर्यादा आखणारा निर्णय त्याच्या वरून आला.

म्हणून माझे मत : त्या कोर्टाला 'मुंबईचे सुप्रीम कोर्ट' असेच लिहावे, 'सर्वोच्च न्यायालय' नको. हा शब्द आता राज्यघटनेतल्या न्यायालयाचा झाला आहे, आणि वाचक तोच अर्थ घेणार.

आता 'पूर्वनिर्णय'. जरूर म्हणावे. जुना शब्द 'दाखला', पण तो आज शाळा सोडल्याच्या कागदात अडकला आहे; 'दाखला देणे' एवढ्यातच जुना अर्थ टिकून आहे. वकील मंडळी बोलताना 'रूलिंग' किंवा 'सायटेशन' म्हणतात. 'निवाडा' मात्र टाळा. भूसंपादनाच्या कागदांत त्याला वेगळा, ठरलेला अर्थ आहे.

पण पूर्वनिर्णय म्हटला म्हणजे तो पाळावाच लागतो असे नव्हे. राज्यघटनेच्या अनुच्छेद १४१ मुळे आजच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सर्व न्यायालयांवर बंधनकारक आहे. जुने सुप्रीम कोर्ट १८६२ मध्ये सदर अदालतीसह मुंबई उच्च न्यायालयात विलीन झाले. त्याचे निकाल विचारात घेता येतात, बांधून घालत नाहीत. तरी वजन काही कमी नव्हते. खोजा आणि मेमन या मुस्लिम जमातींच्या १८४७ च्या खटल्यात न्या. पेरी यांनी मुलींना वारसा न देण्याची जमातीची रूढी कुराणातल्या वारसानियमांपुढेही ग्राह्य धरली, आणि रूढी श्रेष्ठ की धर्मग्रंथ या वादात तो निकाल पुढे वर्षानुवर्षे दाखवला गेला. १९३७ च्या शरियत कायद्याने रूढीची ही वाट बरीचशी बंद केली.