परक्या लेखकासाठी रडलो, वडिलांसाठी नाही

प्रश्न : मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, वय त्रेचाळीस. हॉस्टेलला असताना रद्दीच्या दुकानात टेरी प्रॅचेट या इंग्रज लेखकाचं पुस्तक हाती लागलं आणि मी त्याचाच झालो. कासवाच्या पाठीवर चार हत्ती, हत्तींच्या पाठीवर चपटं जग, आणि त्यात चेटकिणी, पोलीस, पोस्टमास्तर असा सगळा बाजार. १२ मार्च २०१५ला तो गेला. बातमी ट्विटरवर आली तीही त्याच्याच गोष्टीसारखी : मृत्यू न्यायला आला, टेरी त्याचा हात धरून दारातून काळ्या वाळवंटात गेला, समाप्त. रात्री ऑफिसातच होतो. जिन्यात बसून रडलो. नंतर सर्व्हरवर त्याचं नावही गुपचूप टाकून ठेवलं. पुढच्या वर्षी वडील गेले, तेव्हा मात्र डोळ्यांतून टिपूस आलं नाही. आई अजून बोलून दाखवते, ‘त्या परक्यासाठी रडलास.’ माझं काही बिघडलंय का? आणि त्याचं शेवटचं पुस्तक अजून प्लॅस्टिकच्या वेष्टनात आहे. उघडू का?

उत्तर : आधी वडिलांचं बोलू. ते गेले त्या दिवशी तुम्ही काय काय केलंत, आठवून बघा. डॉक्टरांचा दाखला, शववाहिका, भटजी, गावाकडे फोन, कोणाला स्टेशनवरून आणायचं, आईजवळ कोण बसणार. पुढे तेराव्यापर्यंत येणाऱ्याजाणाऱ्यांचा चहा. कर्त्या मुलाला रडायला आपल्याकडे कोणी उसंत देत नाही, आणि मग दगडाच्या काळजाचा ठरतो तोच. लेखक गेला तर तुमच्याकडून कोणाला काहीच नको असतं. ना सही, ना खांदा. जिन्यात बसायला मोकळे होतात, बसलात. यातून लेखक जवळचा आणि वडील लांबचे असं काही सिद्ध होत नाही. आईंचं दुखणं मला वेगळं दिसतं. वडिलांबद्दल त्यांच्याशी आता कोणी बोलत नसणार. एखाद्या रविवारी जुने फोटो काढून त्यांच्याजवळ बसा. रडू येतं की नाही याची परीक्षा घेत बसू नका.

‘परका’ म्हणाल तर, मी नोकरीची सगळी वर्षं ग्रंथालयाच्या देवघेव काउंटरवर काढली. जून २०००मध्ये पु. ल. गेले तेव्हा काउंटरपाशी चांगले थोराड लोक डोळे पुसत उभे होते. त्यांतला एकही त्यांच्या नात्यातला नव्हता, आणि कोणी कोणाला हटकलं नाही. तुमचा लेखक इंग्रज, म्हणून तुम्हाला जिना शोधावा लागला, इतकंच.

सर्व्हरचं कौतुक वाटलं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी : प्रॅचेट यांच्या ‘गोइंग पोस्टल’ (२००४) या कादंबरीत उंच मनोऱ्यांवरून निरोप जातात. त्या कामात जीव गमावलेल्या तरुणाचं नाव बाकीचे मनोऱ्यांवर चालू ठेवतात. ओळीच्या टोकाला पोचलं की उलटं फिरवून परत पाठवतात. प्रॅचेट गेल्यावर जगभरच्या प्रोग्रॅमर मंडळींनी सर्व्हरवर त्यांच्याच नावाचं तसं केलं. तुमच्या साहेबांना कळलं नसेल अशी आशा करते.

आता पुस्तक. उघडा. आणि का म्हणते तेही ऐका. डिसेंबर २००७मध्ये प्रॅचेट यांनी स्वतःच जाहीर केलं की आपल्याला अल्झायमरचा एक दुर्मीळ प्रकार झालाय. त्यात मेंदूचा मागचा, नजरेचं काम बघणारा भाग आधी जातो. बोलणं शाबूत, पण टाइप करणं हातचं गेलं. मग ते तोंडी सांगायचे. कधी संगणक उतरवून घ्यायचा, कधी त्यांचे सहायक रॉब विल्किन्स. ‘द शेफर्ड्स क्राउन’ हे शेवटचं पुस्तक अशा अवस्थेत झालं आणि ते गेल्यानंतर काही महिन्यांनी आलं. विल्किन्स यांनी शेवटी सरळ लिहिलंय की आदि, मध्य, अंत सगळं टेरीचं आहे, पण त्याला हवं होतं तितकं ते पुरं झालेलं नव्हतं. हे वाचताना जाणवतं. काही धागे हातात येता येता सुटतात. मला विचाराल तर ते त्यांच्या सर्वोत्तम पुस्तकांत बसत नाही, आणि तुम्ही मात्र त्याला देव्हाऱ्यात ठेवलंय. सुरुवातीच्या प्रकरणांत एक मरण आहे. कोणाचं ते सांगत नाही. पण ती बाई त्याआधी काय करते ते सावकाश वाचा. घर घासूनपुसून लख्ख करते आणि आपल्यासाठी वेताची पेटी आपणच विणते. मागच्यांना करायला फार काही ठेवत नाही. वडिलांच्या वेळची तुमची धावपळ तिथे आठवेल, म्हणून मुद्दाम सांगितलं.

यानंतर त्या चपट्या जगाची नवी कादंबरी येणार नाही, हे मात्र पक्कं धरा. अर्धवट लिखाण असलेली हार्ड डिस्क त्यांच्या इच्छेप्रमाणे ऑगस्ट २०१७मध्ये इंग्लंडमधल्या डॉर्सेटच्या वाफयंत्रांच्या जत्रेत जुन्या स्टीमरोलरखाली घातली गेली. चाक वरून गेलं तरी ती पुरती चुरली नाही, मग खडी फोडायच्या यंत्रात टाकली. कोणी म्हणतं नासधूस. मला हा माणूस त्यासाठी जास्त आवडतो. नाहीतर वीस वर्षं कोणीतरी टाचणं जोडून ‘अप्रकाशित’ म्हणून विकत बसलं असतं.

प्रश्न : मुलगी तेरा वर्षांची आहे. तिला प्रॅचेट वाचायचाय. त्या चपट्या जगाच्या एकेचाळीस कादंबऱ्यांपैकी कुठून सुरुवात करावी? (रत्नागिरी)

उत्तर : ‘द वी फ्री मेन’ (२००३). नऊ वर्षांची टिफनी धाकट्या भावाच्या हातात गोळ्यांची पिशवी देऊन त्याला आमिष म्हणून नदीकाठी बसवते, आणि पाण्यातली राक्षसीण त्याच्यावर झेपावली की फ्राइंग पॅन हाणते. मुलगी पहिल्या प्रकरणातच अडकेल. त्यातल्या निळ्या बुटक्यांची भाषा डोळ्यांनी कळत नाही, मोठ्याने वाचायला सांगा. मग ‘मॉर्ट’ (१९८७) : मृत्यू एक शिकाऊ पोऱ्या ठेवतो. या मृत्यूला मांजरं आवडतात, करी आवडते, आणि त्याचा घोडा हाडांचा नाही, जिवंत आहे. हाडांचा होता तेव्हा सुटलेले भाग तारेने बांधायला सारखं थांबावं लागायचं. १९८३चं, या मालिकेतलं पहिलं पुस्तक मागे ठेवा. ते लिहिताना त्यांना स्वतःलाच ते जग अजून पुरतं सापडलेलं नव्हतं.