वाचनालयाच्या पोस्टला लाइक येतात, पण पुस्तक कुणी नेत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की नागपुरात वस्तीतलं छोटं वाचनालय आहे, व्हॉट्सॲप ग्रुप आणि इन्स्टाग्राम दोन्ही चालू आहेत, रोज काहीतरी टाकता, पण देवघेव वाढत नाही.

माझ्या मते दोष मजकुरात आहे. बहुतेक वाचनालयं वाचनाची थोरवी सांगत बसतात. सुविचार, पुस्तकदिनाच्या शुभेच्छा, ‘वाचाल तर वाचाल’. वाचणारा लाइक देतो आणि पुढे सरकतो, कारण त्यात त्याने करण्यासारखं काहीच नसतं. नागपुरात पुस्तकाचं महत्त्व पटवून द्यायची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीवर पुस्तकांच्या स्टॉलभोवती होणारी गर्दी बघा. लांबून आलेली माणसं पदरचे पैसे मोडून पुस्तकं नेतात. वाचक आहे. त्याला एक ठरावीक पुस्तक दाखवायचं आणि ते कुठे, केव्हा मिळेल ते सांगायचं, एवढंच आपलं काम. म्हणून एका पोस्टमध्ये एकच पुस्तक, आणि तेही आज कपाटात असलेलं.

पोस्टसाठी ८० ते १०० शब्दांचा उतारा निवडा. प्रस्तावनेतला नको, पहिल्या पानावरचाही सहसा नको. प्रसंग रंगात आलाय तिथला घ्या आणि पुढे काय झालं हे कळायच्या एक वाक्य आधी थांबा. खाली दोन ओळी आपण बोलतो तशा लिहा : पानं किती, कुणाला आवडेल. ‘जीवनाला दिशा देणारं’ यातून काहीच कळत नाही. ‘१२० पानं आहेत, रविवारच्या दुपारी संपेल’ यातून कळतं. मग कपाट क्रमांक, वाचनालयाची वेळ, आणि शेवटी : ‘ज्यांना पाहिजे त्यांनी “हवं” लिहा, ३ दिवस राखून ठेवू.’ लाइक देणारा उठून वाचनालयात येतो तो या ओळीमुळे.

इथेच गाडी अडतेही. प्रत एक आणि मागणारे सात असले की सहा जण नाराज होतात आणि पुढच्या वेळी काही लिहीत नाहीत. पोस्ट टाकण्याआधी त्याच धाटणीची आणखी दोन-तीन पुस्तकं बाजूला काढून ठेवा. उशिरा लिहिणाऱ्याचं नाव रांगेत घ्या, आणि तोवर हे वाचा म्हणून दुसरं लगेच सुचवा. रोज पोस्ट टाकायचा हट्टही सोडा. हे सगळं नीट सांभाळायचं तर आठवड्याला दोन पुष्कळ झाल्या.

व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये ‘फक्त ॲडमिन संदेश पाठवू शकतील’ ही सेटिंग लावा, नाहीतर शुभ सकाळच्या फुलांखाली पुस्तक सापडायचं नाही. मग ‘हवं’ हे तुम्हाला खाजगी संदेशात येईल, आणि ते बरंच आहे. सगळ्यांसमोर लिहायला बरेच जण संकोचतात. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर बाकीच्यांना दिसतो, हे अनेक महिला सभासदांना नको असतं. त्यांच्यासाठी व्हॉट्सॲपचं चॅनल बरं, तिथे एका सभासदाचा नंबर दुसऱ्याला दिसत नाही. ब्रॉडकास्ट यादीत, म्हणजे एकच संदेश प्रत्येकाला वेगवेगळा जातो त्या यादीत, २५६ जण बसतात, पण ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच संदेश पोचतो. वर्गणी भरून घेतानाच नंबर सेव्ह करायला सांगा.

इन्स्टाग्रामला उभी चौकट घ्या, १०८० बाय १३५०. उतारा तीन-चार चित्रांत तोडा. एकाच चित्रात कोंबला तर अक्षर बारीक होतं आणि कुणी वाचत नाही. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा आणि मुक्ता किंवा बालूसारखा फॉन्ट वापरा. छपाईसाठी वापरायच्या जुन्या डीटीपी फॉन्टमधला मजकूर जसाच्या तसा चिकटवला की त्याची अगम्य चिन्हं होतात. काही व्हिडिओ ॲपमध्ये जोडाक्षरंही फुटतात, म्हणून टाकण्याआधी एकदा मोबाइलवर वाचून बघा. वाचनालयाच्या पुस्तकांना प्लास्टिकचं वेष्टन असतं, ते फ्लॅशमध्ये चमकतं; खिडकीच्या उजेडात, जरा तिरकं धरून फोटो काढा.

वेळेचं म्हणाल तर आपल्याकडचा उन्हाळा लक्षात घ्या. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे गेला की दुपारी कोण बाहेर पडणार? पोस्ट रात्री टाका, म्हणजे सकाळी ऊन चढायच्या आत माणूस येईल. हिंदी पुस्तकं असतील तर मधूनमधून हिंदीतही लिहा, शहर दोन्ही भाषांत वाचतं.

‘वर्षात ५० पुस्तकं’ अशी आव्हानं मात्र मला अजिबात पटत नाहीत. आकडा आला की मुलं सगळ्यात पातळ पुस्तक शोधतात. सारांश लिहून मागितला की आनंदाचा गृहपाठ होतो. त्याऐवजी पुस्तक परत देताना ‘कुठलं पान परत वाचलं?’ एवढंच विचारा. अर्धवट सोडलेलं पुस्तकही आनंदाने परत घ्या. बंगळुरूच्या कबन पार्कमध्ये लोक आपापलं पुस्तक आणून गुपचूप वाचत बसतात, ना भाषण ना चर्चा. त्या पुस्तकांचे फोटो इन्स्टाग्रामवर जातात आणि ते बघून आणखी लोक येतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी आपल्याही एखाद्या बागेत रविवारी सकाळी हे सहज जमेल.

कायद्याचंही बघा. परीक्षणासोबत छोटा उतारा देणं चालतं, लेखक-प्रकाशकाचं नाव हवंच. पण पूर्ण कविता टाकणं किंवा कथा वाचून यूट्यूबवर चढवणं यासाठी परवानगी लागते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो. ग्रुपमध्ये कुणी पीडीएफ टाकली तर लगेच काढा. मुलांचे चेहरे पालकांना विचारल्याशिवाय टाकू नका, हातातलं पुस्तक दिसलं तरी पुरे.

लाइक मोजू नका. देवघेव नोंदवहीत एक रकाना वाढवा, ‘कुठून कळलं’, आणि त्यात व्हॉ, इ किंवा स्व एवढंच लिहा. ‘स्व’ म्हणजे स्वतः कपाटात बघून घेतलं. दोन महिन्यांनी तो रकाना बघा. ज्या माध्यमातून कुणीच आलेलं नाही, तिथला वेळ दुसरीकडे द्या.